पाठीवरची मधली घडी

माझे भाऊजी लष्करात आचारी आहेत. आचारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खांद्यावर मळकं फडकं टाकलेला, पोट सुटलेला माणूस उभा राहतो. भाऊजींचं पोट सुटलंय, ते मी नाकारत नाही. पण त्या पोटावरून खाली जाणाऱ्या इस्त्रीच्या दोन घड्या अशा सरळ असतात की पट्टी लावून बघावं. मी शिलाईवाली. गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे, बापाचं होतं ते आता माझं. आयुष्य कापडात गेलं, पण पांढऱ्या सुती शर्टावर इतकी कडक इस्त्री करणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधीच बोलत नाही, कारण मग त्यांना घरात ठेवणं मुश्किल होईल.

शर्टाला पुढे दोन घड्या, दोन्ही खिशांच्या बरोबर मधून. मागे तीन. छावणीत त्याला सगळे क्रीज म्हणतात. संचलनाला उभ्या राहणाऱ्या जवानांनी त्या घालायच्या असतात. आचाऱ्याला त्याची सक्ती नाही. आचाऱ्याने स्वच्छ असावं, नखं कापलेली असावीत, संपलं. त्यामुळे भाऊजी नोकरीला लागले आणि पाठीवर तीन घड्या घालून भट्टीसमोर उभे राहिले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं झालं. इस्त्रीमास्तर. पुढे नुसतं मास्तर राहिलं.

त्यांना खरं तर संचलनातच जायचं होतं. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी ओल्या पायाने फरशीवर उभं राहायला सांगितलं, आणि फरशीवर अख्खा तळवा उमटला. सपाट पाय. बाकीचे उमेदवार मैदानाकडे गेले आणि यांना स्वयंपाकघराचा रस्ता दाखवला. दुसरा कुणी असता तर जन्मभर त्या पायांना बोल लावत बसला असता. भाऊजींनी विचार केला, पाय सपाट असतील, शर्ट तर नाही ना.

आमच्या घराशी त्यांचा संबंध आला तोही कपड्यामुळेच. नव्या पँटची उंची कमी करायला ते बापाच्या दुकानात आले होते. बापाने मापं घेतली आणि शर्टाकडे बघून म्हटलं, "मागची मधली घडी हललीय तुमची." भाऊजींचा चेहरा असा पडला की जणू कुणी गेल्याची बातमी आली. कोपऱ्यात माझी ताई बटणं लावत बसली होती. ती एवढी हसली की तिच्या मांडीवरची बटणं सगळीकडे उडाली. तो गृहस्थ गुडघ्यांवर बसून एकेक बटण वेचू लागला. पुढचं काही सांगायला नको.

लग्न झाल्यावर ताईला वाटलं, इस्त्रीचं काम आता आपल्याकडे येणार. कसलं काय. भाऊजी इस्त्रीला कुणाला हात लावू देत नाहीत. संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून कोरडं करायचं, त्यावर जुनं ब्लँकेट दुहेरी अंथरायचं, वर स्वच्छ चादर. शेजारी खळीची वाटी. बोटांनी पाणी शिंपडून शर्ट गुंडाळून ठेवायचा, ओल सगळीकडे सारखी मुरेपर्यंत थांबायचं. मग मधली घडी. नेहमी मधली आधी. कॉलरच्या मध्यापासून खालच्या शिवणीपर्यंत शर्ट दुमडायचा आणि श्वास रोखून एका दमात इस्त्री फिरवायची. या वेळी घरात कुणी बोललेलं चालत नाही. एकदा मी शिंकले, तर माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत.

"बाजूच्या दोन्हींचं माप मधलीवरून घ्यायचं," असं ते सांगतात. "मधली चुकली की तिन्ही चुकल्या."

एकदा मी न राहवून विचारलं होतं, "अहो भाऊजी, पुढून तुम्ही एप्रन बांधता. मागे भिंत. एवढा आटापिटा कुणासाठी?"

"मागे भिंत कुठली? मागे रांग असते," ते म्हणाले. "मी भट्टीकडे तोंड करून उभा. रांगेत ताट घेऊन उभा असलेला पोरगा काय बघतो? माझी पाठ. घरापासून लांब आलेला असतो, दमलेला असतो. पाठ नीटनेटकी दिसली की त्याला वाटतं, आपलं जेवणसुद्धा कुणीतरी नीट केलंय."



पण भट्टीला या सगळ्याचं काय सोयरसुतक? मोठ्या पातेल्यांचं झाकण उघडलं की वाफेचा लोट येतो. सकाळी सुरीसारखी असलेली घडी न्याहारी आटपेपर्यंत नरम पडते. दुपारचं जेवण वाढायच्या वेळी पाठीला नुसता ओला शर्ट चिकटलेला. म्हणजे जेव्हा रांग सगळ्यात मोठी, नेमकी तेव्हा घडी नाही. भाऊजी रोज संध्याकाळी तो चोळामोळा झालेला शर्ट बादलीत टाकायचे आणि म्हणायचे, "दुपारपर्यंत टिकली असती तर." रोज. ताईने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की कधीकधी तीच त्यांच्याआधी म्हणून टाकायची.

मग मेसवर नवे साहेब आले. कडक आहेत, कामचुकार माणसाला वासावरून ओळखतात, अशी त्यांची कीर्ती आधीच पोचली होती. ते पहिल्यांदा स्वयंपाकघर बघायला येणार होते. भाऊजींनी आदल्या संध्याकाळी इस्त्रीवर जीव ओतला आणि शर्ट हँगरला लावून ठेवला. सकाळी ते दाढी-आंघोळ करत होते तेवढ्यात ताईने तो शर्ट बदलला.

तिने काय केलं होतं, तर त्यांच्या तीन शर्टांपैकी एक घेऊन, ते कामावर असताना, पाचही घड्यांवर आतून बारीक हातशिलाई घातली होती. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, घडीच्या अगदी कडेशी. ताईला मशीन येत नाही, पण हातशिलाईत ती माझ्या दहा पावलं पुढे आहे. बाहेरून टाका दिसायची बातच नाही. वर त्यांच्यासारखीच खळ, त्यांच्यासारखीच इस्त्री, निदान तिला जमेल तेवढी. त्यांना सांगितलं नाही. दुपारी घडी टिकलेली बघून ते चकित होतील, घरी येऊन विचारतील, तेव्हा सांगायचं, असा तिचा बेत. मला तिने आधी दाखवलं होतं. मी टाके बघितले आणि म्हटलं, "ताई, हे मी शिवलं असतं तर मिरवलं असतं."

त्या दिवशी भाऊजी घरी आले. हसले, जेवले. ताईने विचारलं, "टिकली का?" ते म्हणाले, "टिकली गं. दोरा हाताला लागला तेव्हा कळलं. कमाल केलीस." ताई खूश. एवढंच. साहेब काय म्हणाले, यावर त्यांनी "ठीक होतं" असं सांगून विषय मिटवला.

त्यानंतर ताईच्या घराला काहीतरी झालं. भाऊजी इस्त्री करायचे, पण ती श्वास रोखण्याची गंमत गेली. जेवणाच्या वेळी कुठल्या भाजीत काय चुकलं यावर भाषण नाही. ताई म्हणायची, वय झालं, दमत असतील. मला ते पटेना, पण भाऊजी ताकास तूर लागू देत नव्हते.

उलगडा झाला तो दुकानात. त्यांच्या एका शर्टाचं बटण तुटलं म्हणून ताईने तो धुण्याआधी माझ्याकडे पाठवला. मी शर्ट हातात घेतला आणि थबकले. हा बिनटाक्यांचा शर्ट होता. आत दोरा नव्हता, नुसती इस्त्री. दिवसभर अंगावर घातलेला, कॉलरला घाम होता. आणि पाठीवरच्या तिन्ही घड्या सकाळसारख्या ताठ. नाकाला लावून बघितला. कांदा नाही, धूर नाही. पोत्यांचा वास येत होता.

 भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा शर्ट असा परत येत नाही.

संध्याकाळी ते दुकानावरून जात होते, तेव्हा मी त्यांना हाक मारून आत बोलावलं आणि शर्ट समोर धरला.

"भाऊजी, तुम्ही हल्ली भट्टीवर नाही."

त्यांनी शर्ट माझ्या हातातून घेतला. मी मशीनचं चाक उगाच फिरवत राहिले.  शेवटी त्यांनी सांगितलं.

पाहणीच्या दिवशी दुपारी रांग लागली होती. रांगेतलं कुणीतरी ओरडलं, "मास्तर, आज दुपारीसुद्धा कडक!" त्यांनी हात मागे नेऊन चाचपलं. घडी उभी. बोटाला दोरा लागला, तेव्हा कुणाचं काम ते लगेच कळलं.

"खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला," ते म्हणाले. "पण पोरं विचारत होती, कसं काय मास्तर? आणि माझ्या जिभेला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणालो, इस्त्री हातात असावी लागते. माझ्या इस्त्रीला वाफ काय करणार!"

"आणि?"

"आणि मागे साहेब उभे."

साहेबांनी सगळ्या आचाऱ्यांच्या पाठी बघितल्या. सगळ्यांचे शर्ट भिजून अंगाला चिकटलेले. एकाच्याच पाठीवर घड्या ताठ. साहेब म्हणाले, "या माणसाने सकाळपासून झाकणसुद्धा उचललेलं नाही. दुसऱ्यांना राबवून घेतोय. याला भांडारात बसवा, पोती मोजायला." आणि भाऊजी, जे माझ्या एका शिंकेवरून दोन दिवस अबोला धरतात, ते एक शब्द बोलले नाहीत.

"अहो, सांगायचं ना, की बायकोने टाके घातलेत!"

"आत्ताच तर सगळ्यांसमोर म्हणालो होतो, माझी इस्त्री. रांगेसमोर कसं सांगू, की खोटं बोललो?" ते शर्टाच्या बाहीशी चाळा करत होते. "आणि तुझ्या ताईला कळलं की तिच्या टाक्यांपायी माझी भट्टी गेली, तर ती आयुष्यात सुई हातात धरणार नाही. महिनाअखेरीला जागा कायम होतील. मग निवृत्त होईपर्यंत मी आणि पोती. होईल सवय. तू मात्र तिला बोलू नकोस. शपथ आहे."

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. गरम पातेल्यासमोर उभं राहण्यासाठी कुणी इतकं झुरतं का? पण हा माणूस झुरत होता. त्याला जमणारी आणि आवडणारी जगातली एकच गोष्ट त्याने एका फुशारकीपायी घालवली होती, आणि बायकोला वाईट वाटू नये म्हणून आता ती परत मागायचीसुद्धा नाही असं ठरवलं होतं. मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे भाऊजींना इतक्या वर्षांत माहीत असायला हवं होतं. ते घरी पोचायच्या आधी मी मागच्या गल्लीतून धावत जाऊन ताईला सगळं सांगून टाकलं. शपथ मोडल्याचं मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

ताई रडली नाही. तिने कपाटातून तो टाक्यांचा शर्ट काढला, दिव्याखाली बसली आणि सुईच्या टोकाने एकेक टाका उसवू लागली. पुढच्या दोन्ही घड्या उसवून झाल्या. मागच्या बाजूच्या दोन झाल्या. तेवढ्यात भाऊजी दारात.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. कान बाहेरच होते.

"अगं, तू असं केलंस यात तुझी काही चूक नाही," भाऊजी म्हणाले.

"माझी चूक आहे असं मी म्हणतच नाहीये," ताई म्हणाली. "टाके चांगले आहेत. तुम्ही म्हणालात ते चुकीचं आहे. माझी शिलाई तुम्ही आपली म्हणून सांगितलीत."

 मी पेला हातात घेऊन तशीच उभी.

"रांगेसमोर म्हणालात ना? मग रांगेसमोरच सांगा. उद्या."

"हसतील गं सगळे."

"हसू देत. पोत्यांपेक्षा बरं."

ताई पुन्हा सुई घेऊन मधल्या घडीकडे वळली, तेव्हा भाऊजींनी तिचा हात धरला. "ती राहू दे. दाखवायला लागेल."

दुसऱ्या दिवशीचं मी भाऊजींच्याच तोंडून ऐकलं आहे, आणि तेव्हापासून इतक्या वेळा ऐकलं आहे की मी स्वतः तिथे होते असंच मला वाटायला लागलंय. जेवणाची वेळ. रांग लागलेली, साहेब दाराशी. भाऊजी भांडारातून तो शर्ट हातात घेऊन आले. म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. वाफेत टिकेल अशी इस्त्री मला येत नाही, कुणालाच येत नाही. हे माझ्या बायकोचे टाके आहेत." आणि शर्ट उलटा करून मधली घडी दाखवली.

रांगेत हशा पिकला. साहेबांनी शर्ट घेतला, नखाने दोरा चाचपला. हसले नाहीत.

"गणवेशावर परवानगीशिवाय शिलाई घालता येत नाही, माहीत आहे?"

"आहे साहेब. उसवतो."

"आणि त्या दिवशी काम केलं होतंत?"

"केलं होतं. पण ते आता कसं दाखवू?"

साहेबांनी जरा विचार केला. "उद्या भट्टीवर उभे राहा. एक दिवस. मग बघू."

त्या संध्याकाळी भाऊजींनी बिनटाक्यांच्या शर्टाला इस्त्री केली. मी तिथे मुद्दाम गेले होते, शिंक येऊ नये म्हणून नाक दाबून बसले होते. मधली घडी, मग बाजूच्या. सगळं नेहमीसारखं. त्यांना मी म्हटलं, "उद्या तरी राहू द्या, नुसता धुतलेला घालून जा." ते म्हणाले, "वा! रांग आहे ना."

दुसऱ्या दिवशी ते पहाटे गेले. बटाट्याचा रस्सा होता, सगळ्यात मोठं पातेलं. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने इतके दिवस रश्श्यात गुठळ्या करून पोरांना जेरीला आणलं होतं, त्यामुळे भट्टीवर मास्तर दिसताच रांग नेहमीपेक्षा लवकर लागली. भाऊजी झाकणं उचलत होते, ढवळत होते, वाढत होते. मागे कोण कोण येतंय हे बघायला त्यांना वेळच नव्हता. आणि साहेब ताट घेऊन सगळ्यांसारखे रांगेत उभे होते. पुढे जा म्हणून कुणी सांगितलं तर मान हलवून नाही म्हणत होते. रांग लांब होती. तेवढा वेळ ते एकच गोष्ट बघत होते, मास्तरांची पाठ.

त्यांचा नंबर आला तेव्हा त्या पाठीवर एकही घडी शिल्लक नव्हती. ओला, मलूल शर्ट, मध्ये घामाचा मोठा डाग.

"मास्तर," साहेब म्हणाले, "आज इस्त्री न करताच आलात?"

भाऊजी दचकून वळले. "केली होती साहेब. रश्श्यात गेली."

यावेळी साहेबसुद्धा हसले. "मग रस्साच वाढा," म्हणाले. तिथेच बाकावर बसून जेवले, आणि ताट ठेवायला उठले तेव्हा जाता जाता सांगून गेले, "भांडाराला मी दुसरा माणूस देतो. तुम्ही इथेच राहा."

भाऊजी घरी आले ते गल्लीतूनच ओरडत. मी हातातलं काम टाकून मागे धावले. ताई दारात उभी होती. ती काही बोलायच्या आत त्यांनी पाठ फिरवली आणि म्हणाले, "बघ." ताईने तो चोळामोळा झालेला, कांद्याचा वास मारणारा शर्ट बघितला आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग मात्र ती रडली, शर्टाला तोंड लावूनच.

जेवण झाल्यावर टेबलावर ब्लँकेट अंथरलं गेलं, खळीची वाटी आली. टाक्यांचा शर्ट अजून तसाच होता. ताईने मधल्या घडीचा दोरा उसवून काढला आणि शर्ट त्यांच्यापुढे केला. भाऊजींनी तो घेतला नाही. इस्त्री उचलून तिच्या हातात दिली.

"मधली तू कर."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी काय बोलणार? मी श्वास रोखला होता. तिने शर्ट दुमडला, इस्त्री ठेवली. सुईला सरावलेल्या त्या हाताला इस्त्रीचं वजन झेपलं नाही आणि घडी खांद्यापाशी सरळ निघून कमरेजवळ जराशी डावीकडे गेली. मला लगेच दिसलं. भाऊजींना तर दिसलंच असणार. बापाने एकदा मधली घडी हलली म्हटलं होतं, तर या माणसाचा चेहरा कसा पडला होता, ते मी विसरलेले नाही.

"वाकडी गेली हो," ताई म्हणाली. "ओली करून परत करू का?"

"कशाला? मस्त आलीय," भाऊजी म्हणाले. त्यांनी इस्त्री घेतली, मधलीवरून माप धरलं आणि उरलेल्या दोन घड्या घातल्या. कमरेपाशी त्यांनी दोन्ही जराशा डावीकडे नेल्या, मधलीला सोबत म्हणून. तिन्ही एकसारख्या वाकड्या. सकाळी तोच शर्ट घालून ते कामावर गेले, आणि हल्ली रोज मधली घडी ताईच करते. ती आता सरळ येऊ लागली आहे.